वारा सरला का?

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी डिचोलीच्या एका लहानशा हॉस्पिटलात नर्स होते आणि हातमोजे हे माझं खातं होतं. तेव्हा ऑपरेशनचे रबरी हातमोजे फेकत नसत. वापरून झाले की धुवायचे, वाळवायचे, कुठे भोक पडलंय का ते फुंकून बघायचं, मग आतबाहेर पावडर लावून वाफेच्या भांड्यात घालायचे. पावडर लावताना माझा हात भलताच सढळ. मोदक वळायला पिठी घेतात तशी घ्यायची. हातमोजा कधी चिकटला नाही. डॉक्टर खूश, मी त्याहून खूश.

त्यातच धारगळहून आई आली. तिची गर्भपिशवी काढायची होती. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आई घरी जाऊन मिरचीच्या वाफ्यांत परत उभी. आणि चार महिन्यांनी पोट फुगलेलं, उलट्या थांबेनात, अशी पुन्हा आमच्याच खाटेवर.

"आतडी चिकटलीत," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालेल्या पोटात असं होतं कधीकधी. नाकात नळी, हाताला सलाईन, तोंडाने पाण्याचा थेंब नाही. आपोआप सुटलं तर ठीक, नाहीतर पुन्हा पोट उघडायचं.

चिकटतात कशाने, मी विचारलं. डॉक्टरांना शिकवायची भारी हौस. म्हणाले, नीरफणस चिरून ठेवला की काळा पडतो ना? तो हवेतल्या ऑक्सिजनचा मार. आतड्याला हात लागून सूज आली की आतही तसाच मार बसतो आणि जखम भरताना एकाला दुसरं चिकटतं. त्या माराला आवर घालतात ती अँटिऑक्सिडंट्स, ई जीवनसत्त्व वगैरे. उंदरांवर करून बघतायत म्हणे, माणसांचं अजून काही खरं नाही. "आणि हातमोज्यांची पावडर आत सांडली, तर सूज आणखीच वाढते."

झालं! ती पावडर तर माझ्याच सढळ हाताची.

तीन दिवस राऊंडला एकच प्रश्न. "मावशी, वारा सरला का?" वारा सरला म्हणजे आतडं सुटलं. अख्खा वॉर्ड कान टवकारून. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तर देवाला नारळ बोलला होता. आई पदर तोंडावर ओढायची आणि मान हलवायची. नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर चक्रावले. "पोट मऊ लागतंय, पण वारा नाही म्हणजे थांबण्यात अर्थ नाही. बाराला घेऊ."

मी हातमोजे नव्याने धुतले, पावडर जेमतेम लावली, वाफ दिली. घातल्यावर वरून धुवायला निर्जंतुक मीठपाण्याचं तसराळं भरून ठेवलं. तेवढ्यात आईचं स्ट्रेचर दाराशी आलं आणि मला राहवेना.

"आये, मागच्या वेळची पावडर मीच लावलेली गे. माझ्यामुळेच झालं असेल सगळं."

आईने मला बोटाने जवळ बोलावलं. "रडतंस कित्याक गो? ऐक. वारो सरलो माझो. काल सांजेक एकदा, आज सकाळी दोनदा."

"काय? मग सांगितलं का नाहीस?"

"परक्या पुरुषाक तां कसां सांगू? माका लाज नाय?"

धन्य ती बाई! पोट कापून घ्यायला तयार, पण हे सांगायला नाही. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, एक्स-रे काढला आणि हसू लपवायला मास्क नाकावर ओढला. ऑपरेशन रद्द. संध्याकाळी आईच्या नाकातली नळी निघाली, दुसऱ्या दिवशी पेजेचं पाणी सुरू झालं.

पेज पाजताना मला पुन्हा भरून आलं. दोष खरंच माझ्या पावडरीचा होता का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आईने मला सोडवायला स्वतःची लाज सोडली होती, एवढं मात्र कळत होतं, आणि त्यानेच जास्त रडू येत होतं.

"पुरे आता," आई म्हणाली. "परत पावडरीचां नाव काढलंस तर आख्ख्या वॉर्डाक सांगतलंय, वारो ह्या माझ्या चेडवाचो होतो म्हणान."