केवळाबाईची येसू आणि सात कवड्या

शाळेतून निवृत्त व्हायला थोडा अवकाश असतानाच मुदखेडच्या व्यंकट गुरुजींच्या किडन्यांनी हात टेकले. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नांदेडला यायचं, हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि अंगातलं रक्त मशीनमधून फिरून येईस्तोवर लांब खुर्चीवर भिंतीकडं बघत पडायचं. आता सांगा, ज्यानं आयुष्यभर पोरांपुढं तोंड चालवलं तो माणूस चार-चार तास गप पडून राहील का? गुरुजींनी तिथं खेळ मांडला.

खेळ त्यांच्या पुतण्याचा, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून आलेला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. वाटेत नदी आडवी आली, डाकू आले, की आपलं माणूस काय करणार ते ज्यानं त्यानं बोलायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. पुतण्याचा वीस बाजूंचा फासा पहिल्याच दिवशी मशीनखाली गडगडला तो गडगडलाच. मग गुरुजींनी घरच्या सात कवड्या आणल्या. डब्याच्या झाकणात फेकायच्या, उताण्या पडतील तेवढे गुण.

गुरुजींच्या एका अंगाला नांदेडचाच महेबूब शिंपी, दुसऱ्या अंगाला बिलोलीकडची केवळाबाई. तिच्या पलीकडं देगलूरचा शरणप्पा. केवळाबाईचे डोळे साखरेनं खाल्लेले, बोटं बधिर. कवड्या ती मोकळ्या हातानं स्वतःच फेकायची, पण किती उताण्या पडल्या ते गुरुजींनी सांगायचं. तिनं खेळात येसू नावाची बाई घेतली होती. घारीच्या नजरेची, डोंगरात वाट काढणारी. आणि गोष्टीत कुठं झरा लागला, विहीर लागली, की केवळाबाईचं एकच.

"आधी येसू पाणी पिते. पोटभर पिते."

ज्याला डॉक्टरांनी पाण्याचे पेले मोजून दिलेत त्यालाच ह्याची गोडी कळायची. ती असं म्हणाली की चौघंही आवंढा गिळायचे.

पहिले काही महिने गुरुजी खरा खेळ खेळले. एके दिवशी शरणप्पाच्या माणसानं पुराच्या नदीत उडी टाकली, एकच कवडी उताणी पडली आणि माणूस बुडाला. शरणप्पा खदाखदा हसला. "चला, मरताना तरी पाणी प्यालो पोटभर," म्हणाला. पुढच्या खेपेला त्याची खुर्ची रिकामी होती. हृदय बंद पडलं म्हणे, पहाटे, घरीच.

खेळात मेल्यानं कुणी मरत नसतं हे गुरुजींना काय कळत नव्हतं? अहो, विज्ञान शिकवलेला माणूस तो. पण कळतं आणि वळत नाही, ते हेच. त्या दिवसापासून त्यांच्या गोष्टीतले डाकू आंधळे झाले, पूल भक्कम झाले, वाघ पोट भरलेले निघायला लागले.

महेबूब वैतागला. "गुरुजी, ये तो बालवाडी हो गई. डाकू बी आपल्याला सलाम करून राहिलेत."

त्याचंही खरं होतं. भाकरीच्या पिठासारखंच आहे ते. पाणी जास्त झालं तर भाकरी थापता येत नाही, कमी झालं तर कडेनं फाटते. गुरुजींनी पुन्हा डोंगर उंच केले, डाकूंना डोळे दिले. महेबूबच्या कवड्या महेबूबला दिसत होत्या, तिथं काही करता येत नव्हतं. पण केवळाबाईला कुठं दिसत होतं? दोन पडल्या की गुरुजी पाच सांगायचे. एक पडली की चार. महेबूब झाकणात बघायचा, गुरुजींकडं बघायचा आणि मान फिरवायचा. म्हातारी हाय, जाऊ द्या, असं त्याच्या मनात.

आणि ती म्हातारी काय म्हणायची, ऐका. "पोरगा रोज सांगते, आई, रिपोर्ट चांगला आला. सून म्हणते, तोंडावर तेज आलंय. डॉक्टर म्हणते, मस्त हाय. सगळे खोटे, मला काय कळत न्हाई? या गुरुजींच्या कवड्या तेवढ्या खरं बोलतात. म्हणून तर मी येते इथं. न्हाई तर कवाच बंद केलं असतं हे टोचून घेणं."

हे ऐकून गुरुजी मनाशी ठरवायचे, आता खरं तेच सांगायचं. तरी पुढच्या डावाला तोंडातून पाचच निघायचे. अशा वेळी जीभ आवरायला काळीज लागतं, ते त्यांच्यापाशी नव्हतं.

मग किल्ल्याचा दिवस उजाडला. कडा चढून जायचा, चार कवड्या उताण्या हव्यात. महेबूबच्या तीन पडल्या. त्याचा माणूस, इतके महिने जपलेला, दरीत गेला. महेबूब नुसता झाकणाकडं बघत राहिला. मग केवळाबाईनं फेकल्या. दोन.

"पाच," गुरुजी म्हणाले.

महेबूबचा आवाज फाटला. "दोन हैत, मावशी. दोनच हैत. तुमच्या नेहमी अशाच पडतात."

केवळाबाईनं मान गुरुजींच्या दिशेनं वळवली.

"वाघाच्या येळेला किती होत्या?"

गुरुजी झाकणातल्या कवड्या गोळा करायला लागले.

"पुलावर?"

"मावशी, शरणप्पाचं तसं झालं, म्हणून मला वाटलं, तुमची येसू तरी..."

"म्हंजी मी एकदाबी जिंकले न्हाई," ती म्हणाली. "येसू मेली असती तर काय बिघडलं असतं, गुरुजी? मी बी मरूनच राहिलेय की. निदान तिचं मरण तरी खरं झालं असतं."

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा होता, तरी त्यांनी पुसलं नाही. "पुन्हा फेका," ते म्हणाले. "लेकरांची शपथ, जे पडेल तेच सांगतो."

तिनं बराच वेळ कवड्या मुठीत धरल्या. मग टाकल्या. झाकणात त्या खुळखुळल्या आणि थांबल्या. सातच्या सात उताण्या. इतक्या महिन्यांत कुणाच्याच पडल्या नव्हत्या.

"सात," गुरुजी म्हणाले.

"खरंच सात हैत, मावशी," महेबूब उठून बसायला बघत होता. "खुदा कसम. मी बघतोय ना."

केवळाबाई हसली, थोडीशीच. "तूबी शिकलास का रे आता?"

दोघं शपथा घेत राहिले. तिनं त्यांना अडवलं नाही, मानही हलवली नाही. शेवटी गुरुजींनी गोष्ट पुढं नेली, दुसरं काय करणार. येसू कडा चढून गेली. वर दरवाजा उघडा होता. आत काळ्या दगडाचं टाकं, काठोकाठ भरलेलं, थंडगार. गुरुजींनी पाणी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं इतकं नितळ करून सांगितलं आणि विचारलं, "आता काय करते येसू?"

केवळाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

"तुमीच सांगा," ती पदराआडून म्हणाली. "तुमालाच ठाऊक असते."

पुढच्या खेपेपासून ती आली नाही. मेली नव्हती. पोराचा फोन आला होता, आई टोचून घ्यायला नको म्हणते, ऐकतच नाही. चौथ्या खेपेला तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली.