अक्काची लढाईची वही

आज सकाळी माझी अक्का गेली, आणि मला तिचा भयंकर राग आलाय.

सॉरी. अशा दिवशी असं लिहीत नाहीत. पण दुसरं काही सुचतच नाहीये.

सुमती. माझी थोरली बहीण. जे. पी. नगरला, लेकीच्या घरी, चहा पिता पिता गेली.

बासष्ट साल असावं. बंगळुरात, राजाजीनगरला आमच्या दोन खोल्या. अक्का सतरा, दत्तअण्णा चौदा, मी अकरा.

आम्ही दोघे भाऊ लढाई-लढाई खेळायचो. रोज एकच भांडण.
"मेलास तू!"
"नाही लागली मला!"
मग खरी मारामारी.

एक दिवस अक्का वैतागली. लाल जमिनीवर खडूनं घरं आखली आणि म्हणाली, "आजपासून नियमानं मरायचं."

दोनशे पानी वहीत तिनं नियम लिहिले. ज्यानं त्यानं आपल्या पाळीलाच खेळायचं. एका पाळीत एक चाल, एक वार. वार लागला की नाही, ते फोडलेले चिंचोके टाकून ठरणार.

आता आम्ही दोघे एकाच बाजूला. दत्तअण्णा किल्लेदार. मी वैदू. अक्का स्वतः खेळायची नाही, गोष्ट पुढे न्यायची. "दार उघडलं. आत तिघं आहेत तलवारी घेऊन. काय करता?"

आजची पोरं याला गेमिंग म्हणतात.

सगळ्यात कडक नियम जखमीचा. सोबत्यानं स्वतःची पाळी सोडून त्याला उचलायचं. तीन पाळ्यांत कुणी आलं नाही, तर तो मेला. कायमचा.

माझा वैदू तसाच मेला. दोन महिने जपलेला! दत्तअण्णा फक्त दोन घरं लांब होता. तो खजिन्याकडे गेला.

मी रडून गोंधळ घातला. "अक्का, एवढ्या वेळेला सोड ना!"
"तुला सोडलं तर उद्या त्यालाही सोडावं लागेल."
"मग नियमच बदल!"
"स्वल्प शांत हो. नवा माणूस घे."

मला नवा माणूस नको होता.

त्याच आठवड्यात धारवाडचे पाहुणे अक्काला बघायला आले. मुलाचे वडील विचारत होते. स्वयंपाक येतो? शिवण? अक्कानं सगळी उत्तरं नीट दिली. मग तितक्याच शांतपणे म्हणाली, "आता माझी पाळी. लग्नानंतर मला कॉलेजला जाऊ द्याल का? मला गणित शिकायचंय."

उप्पिट्टाच्या बश्या अर्ध्या टाकून पाहुणे उठले.

बाबा संतापले. "हे 'माझी पाळी' कुठून शिकली ही?" अक्का बश्या उचलायला लागली. दत्तअण्णा तिच्या मदतीला गेला.

मग बाबांनी मला अंगणात नेऊन विचारलं.

मी सांगितलं. वही कुठे लपवते तेही सांगितलं. तांदळाच्या डब्यामागे.

कुणी मारलं नव्हतं मला. धमकावलंही नव्हतं. माझा वैदू मेला होता, बस्स.

बाबांनी वही न्हाणीघरातल्या बंबाखाली घातली. तिथं जाळ घालायचं काम दत्तअण्णाचं. त्यानं वही ओळखली आणि काठीनं बाहेर ओढायला लागला. मी दारातून पाहत होतो.

तेवढ्यात अक्का आली. तिला दिसलं ते एवढंच. जळती वही आणि काठी हातात घेतलेला दत्तअण्णा.

"तूच ना सांगितलंस?"
"नाही गं अक्का."

ती आत निघून गेली. मी दारातच.

तीन वर्षांनी तिचं लग्न झालं. कॉलेज नाहीच. दत्तअण्णाशी ती बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तसं. भाऊबीजेला मला हसून ओवाळायची. त्याला खाली मान घालून.

साठ वर्षं!

मागच्या वर्षी मारतहळ्ळीला तिच्या नातवाकडे जमलो होतो. त्यानं फॉरेनचा कुठलासा गेम काढला, सोबत जाडजूड पुस्तक. अक्का चष्मा लावून दुपारभर नियम वाचत बसली. मग म्हणाली, "आमचा बरा होता रे. दत्तूनं घात केला नसता, तर दाखवला असता तुला."

मी समोर होतो. मी चहात बिस्किट बुडवलं.

का नाही विचारलंस गं मला कधी? एकदा! मी काही एवढा पक्का नव्हतो, विचारलं असतंस तर लगेच फुटलो असतो.

बघा, अजूनही तिच्यावरच ढकलतोय.

आज दुपारी स्मशानात दत्तअण्णा माझ्या शेजारी उभा होता. काठी टेकत, रांगेत सगळ्यात मागे. हळूच म्हणाला, "शेवटपर्यंत तिला मीच वाटलो रे."

मी मान हलवली. फक्त मान हलवली. चीड येते स्वतःची.

तो फेसबुकवर नाही. म्हणून त्याच्या मुलीला टॅग केलंय. रेखा, हे तुझ्या बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

दत्तअण्णा, मी सांगितलं होतं. तू ती वही वाचवत होतास. मी पाहिलं होतं.

उद्या सकाळी येतो. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

अक्का, तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार.