उभ्या विमानाची उंची

माझा मामा वजनकाटे तपासणारा साहेब आहे. तो बाजारात शिरला की धडधाकट दुकानदारांना खोकला सुटतो. दुकानात पाय ठेवल्यावर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काउंटरच्या बाहेर या." मालक बाहेर आला की मामा आत जातो, रिकाम्या पारड्याकडे बघतो, मग पारडं उचलून त्याच्या खाली बघतो, मग खणात हात घालतो. पारड्याला चिकटवलेलं लोहचुंबक, काट्यात अडकवलेली टाचणी, एकदा तर मालकाच्या खिशातून काट्याला खोटं बोलायला लावणारा रिमोट, असं बरंच काही त्यानं आजवर बाहेर काढलंय. अशा माणसाला घरी आल्यावर शर्टाबरोबर संशय काढून ठेवता येत नाही. मामीनं आणलेली साखर तो पुन्हा मोजतो. मी "आंघोळ झाली" म्हणालो तर जाता जाता टॉवेलला हात लावून बघतो. नोकरीमुळे मी त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

मामा आयुष्यात एकदाच विमानात चढला आणि तिथूनच उतरला. खात्याची कसलीशी बैठक होती, लांबच्या शहरात. सीटवर बसल्यावर त्यानं हवाईसुंदरीला सांगितलं, चालवणाऱ्याला एकदा बघायचंय. ती गोड हसली आणि म्हणाली, कॅप्टन कामात आहेत. मामानं पुढच्या बंद दाराकडे बघितलं. "बंद दाराआड काय चाललंय ते न बघता मी कुठल्या दुकानातूनसुद्धा बाहेर पडत नाही," असं म्हणून त्यानं वरची पिशवी काढली आणि शिडी उतरून सरळ घरी आला. बैठक त्याच्याशिवाय झाली. कुणालाही काही फरक पडला नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

पण ते दार त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्यानं ठरवलं की दाराआड जे काय असतं ते आपण घरातच बांधायचं. संगणकावर विमान उडवायचा खेळ असतो ना, त्याला जोडलेलं खरंखुरं कॉकपिट. काटे हलणारे, दिवे लागणारे, खटके 'खट' म्हणणारे.

त्यासाठी मागची खोली गेली. ती मामीची शिवणाची खोली होती. मशीन बाहेर सोफ्याशेजारी आलं.

"तात्पुरतं आहे गं," मामा म्हणाला.

"तात्पुरतं म्हणजे मी ओरडेपर्यंत, का मी मरेपर्यंत?"

भंगारातल्या बसची ड्रायव्हर-सीट आली. दुसरी सीट कुठल्याशा मोटारीची, तिला मागच्या मालकाच्या सिगारेटचा वास. प्लायवूडचं पॅनेल झालं. विमानाचं चाक पाण्याच्या पाइपातून वाकवलं. समोर जुने तीन पडदे, त्यांतला डावा जरा निळसर, त्यामुळे विमानाच्या डाव्या बाजूला कायम संध्याकाळ. आणि पॅनेलमध्ये गोल काटे: वेगाचा, उंचीचा, दिशेचा, चढउताराचा. प्रत्येकामागे एक छोटी मोटर आणि केसांसारख्या वायरींचा गुंता.

तो गुंता म्हणजे रेडिओवाल्याची करणी. रेडिओवाला मामाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या दुकानात आता कुणी रेडिओ आणत नाही, मिक्सर आणि रिमोट आणतात, पण पाटी तीच आणि नावही तेच. आमच्या घराची बेल वाजवणारा तो शेवटचा माणूस. बाकीच्यांनी कधी ना कधी मामाला आपल्या पिशवीकडे टक लावून बघताना पकडलं होतं आणि येणं कमी केलं होतं. रेडिओवाला मात्र दाराशीच पिशवी उलटी करायचा. "घ्या साहेब, तपासा. पक्कड, पट्टी, अर्धा बिस्किटपुडा. अर्धा मी खाल्ला." मामी आतून हसायची. त्या घरात मामी मोठ्यानं हसायची ती याच वेळी.

कामाच्या वेळी दोघांचं सतत वाजायचं.

"वर जाताना काटा पाचशेवर थांबला, तर खाली येतानाही पाचशेवरच थांबला पाहिजे."

"अरे, खेळ आहे हा."

"खेळ तुझा. माझा काटा आहे."

"मग पाचशे कांदे ठेव त्याच्यावर आणि दे शिक्का."

संगणकाचं तेवढं माझ्याकडे होतं. मामानं विमानतळ आपल्याच गावचा निवडला, जिथून तो उतरून आला होता तोच. मी विचारलं, "मामा, हवा कसली ठेवू? कायमचं स्वच्छ ऊन, की विमानतळावरची आजची खरी हवा? ती इंटरनेटवरून येते."

"खरी. या खोलीत खोटं काही नको."

मी तसं केलं. विमान धावपट्टीवर उभं राहिलं. उंचीच्या काट्याशेजारी एक छोटी घुंडी असते, ती फिरवून मामानं काटा शून्यावर आणला. रिकामं पारडं, शून्य काटा. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी माझ्या नोकरीच्या बातमीलाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर विमान तिथेच उभं आणि काटा चाळीस फुटांवर.

"कोण आत गेलं होतं?"

मामी म्हणाली, "तुमच्या विमानाला मी झाडूसुद्धा लावत नाही. उद्या उडालं तर माझ्यावर येईल."

मग माझी पाळी. मामानं माझी बोटं उजेडात धरून बघितली. काटा पुन्हा शून्यावर आला, खोलीला कुलूप लागलं, किल्ली मामाच्या बनियनच्या आत गेली. पुढच्या दिवशी काटा शून्याच्याही खाली. म्हणजे चाकांवर उभं असलेलं आमचं विमान जमिनीत रुतलेलं! मामानं घुंडीवर आणि पॅनेलवर मिळून एक बारीक पेन्सिलची रेघ ओढली, घुंडी केसभर हलली तरी कळावी म्हणून. दाराच्या आत पावडर भुरभुरली. मामीची पावडर, तिला न विचारता. सकाळी पावडर जशीच्या तशी, रेघ जशीच्या तशी, आणि काटा साठावर.

मामाच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो, खोलीत भूत आहे. मामाचा चेहरा मात्र खुलला. गुन्हेगाराच्या जवळ पोचल्यावर खुलतो तसा.

"बाहेरून कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "आतून लावलाय. पॅनेलच्या मागे."

पॅनेलच्या मागचं कळणारा माणूस एकच होता.

मामीनं हातातली कात्री खाली ठेवली. "अहो, त्याला काही बोलू नका. या घराची बेल वाजवणारा तो एकच उरलाय. तोही गेला तर मी आणि तुमची विमानं, बसू एकमेकांची तोंडं बघत."

"मी कुठे काय म्हणतोय? नुसतं विचारतो."

मामाचं नुसतं विचारणं मला ठाऊक होतं, म्हणून मीही मागोमाग गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. एक बाई मिक्सरचं भांडं घेऊन, एक म्हातारे गृहस्थ. रेडिओवाला सोल्डरच्या धुरातून मान वर करून हसला. "या साहेब! आज इकडे कुठे?"

मामा म्हणाला, "काउंटरच्या बाहेर ये."

हसू तसंच राहिलं, नुसतं जागच्या जागी वाळलं. तो बाहेर आला. मामा आत गेला आणि त्यानं खण ओढला. खणात रिमोटांचा ढीग, दुरुस्तीला आलेले. मामा एकेक उचलून उलटा करून बघायला लागला. मिक्सरवाली बाई भांडं छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली. म्हाताऱ्यांनी रेडिओवाल्याकडे असं बघितलं, जसं काही आपल्या घरचे रिमोट आजवर यानंच बिघडवले.

"काय शोधतोयस?" रेडिओवाल्यानं विचारलं.

"माझा काटा लांबून कशानं हलतो ते."

"सापडलं?"

"अजून नाही."

"मग मन भरेपर्यंत शोध," तो म्हणाला आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा राहिला. सापडलं काहीच नाही. पण बाजारात अशी बातमी पोचायला रिमोट लागत नाही. पुढे काही दिवस त्या दुकानात शिरणारं माणूस आधी दारातच घुटमळायचं.

बेल वाजायची बंद झाली. उजव्या सीटसमोरचे काटे वायरीविना लोंबकळत राहिले. मामी बोलायची, पण कामापुरतं, आणि मामानं साखर मोजायच्या आधी स्वतःच मोजून समोर ठेवायची. काटा मात्र आपला रोज नवीन ठिकाणी.

"बघितलंस?" मामा मला म्हणाला. "येत नाही, तरी हलवतोय."

"मामा, येत नाही म्हणजेच हलवत नाही, असंही असेल ना?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी माझी बोटं आपणहूनच पुढे केली.

मग एका रविवारी दुपारी त्यानं पहारा लावला. सगळे संशयित डोळ्यांसमोर हवेत म्हणून मामी आणि मी मागच्या बाकावर. मामी उसवायचं काम घेऊन बसली होती. रेडिओवाला लेकीकडे परगावी गेल्याची खात्री मामानं तिसऱ्याच माणसाकडून करून घेतली होती. दार बंद, काटा शून्यावर. मामा बसच्या सीटवर मांजरासारखा दबा धरून.

बराच वेळ काही झालं नाही. मला डुलकी लागली. बाहेर वारा सुटला, शेजाऱ्यांचं पत्र्याचं दार आपटायला लागलं, खोलीत अंधारून आलं. पडद्यावरही ढग जमले, निळसर पडद्यावर जरा जास्तच.

"हलला," मामा कुजबुजला.

खरंच हलत होता. कुणी हात न लावता, मिनिटकाट्यासारखा, दिसेल न दिसेल असा. दहा. पंधरा. उभं विमान आमच्या देखत वर चाललं होतं. मामानं खाली वाकून पॅनेलच्या मागे बघितलं. मग माझ्याकडे. मग, पहिल्यांदाच, खिडकीबाहेर.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. "मामा, खरी हवा! तूच म्हणाला होतास. हा काटा उंची मोजतच नाही. हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो. वर गेलं की हवा विरळ होते ना? आता वादळ येतंय, दाब उतरलाय. त्याला वाटतंय विमानच वर गेलं."

मामा काट्याजवळ वाकला.

"म्हणजे हा हवेचं वजन करतोय?"

"तसंच म्हण."

"आणि वजनच रोज बदलत होतं." त्यानं काचेवर बोट ठेवलं. "काटा खरा होता."

"काटा खरा होता," मामी उसवता उसवता म्हणाली, "आणि माणूसही."

मामानं नोकरीत आजवर कुणावरचा आरोप मागे घेतलेला नाही. त्याचा फॉर्मही नसतो, असं तो म्हणतो. त्यामुळे रेडिओवाला परत आल्यावर दुकानात जायचं म्हणजे काय करायचं, हेच त्याला कळेना. रस्त्यात दोनदा थांबला. एकदा चपलेत खडा गेलाय म्हणून, दुसऱ्यांदा तोच खडा पुन्हा गेलाय म्हणून.

आम्हाला बघितल्याबरोबर रेडिओवाला उठला आणि आपणहून काउंटरच्या बाहेर येऊन उभा राहिला. "आलो. घे झडती."

"नको. आत जा तू." मामानं घसा साफ केला. "हवेला वजन असतं."

"बरं."

"ते रोज कमीजास्त होतं."

"बरं."

"त्यामुळे काटा हलत होता."

"तू माफी मागायला आलायस का शिकवणी घ्यायला?"

मामा रस्त्याकडे बघत म्हणाला, "माफी. शिकवणी आपोआप झाली."

रेडिओवाल्यानं त्याला खालून वर न्याहाळलं. आता संशयाची पाळी त्याची होती. "उजवीकडचं काय बिघडलंय?"

"काही नाही."

"वायरी जोडून हव्यात म्हणून आलायस."

"वायरी राहू देत तशाच."

"वहिनीनं पाठवलंय."

"तिला माहीतसुद्धा नाही."

माझ्याकडे वळून रेडिओवाल्यानं विचारलं, "खरं बोलतोय का रे हा?" आयुष्यभर दुसऱ्यांना हा प्रश्न विचारत आलेला माझा मामा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी म्हणालो, खरं आहे. तरी रेडिओवाला लगेच विरघळला नाही. म्हणाला, "तू माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझा खण उघडलास. मी विचार करतो." आणि त्यानं सोल्डर उचललं.

विचार करायला त्यानं पुष्कळ वेळ घेतला. मामी रोज बेलकडे बघायची. शेवटी एका संध्याकाळी बेल वाजली. या वेळी त्यानं पिशवी उलटी केली नाही आणि मामानंही पिशवीकडे बघितलं नाही; आमच्या घरात ही क्रांतीच होती.

"अट आहे," रेडिओवाला दारातूनच म्हणाला. "मी उजव्या सीटवर बसणार. विमान तू चालव. पण उंचीचा काटा मी वाचणार. तू बघायचं नाहीस."

"उतरतानासुद्धा?"

"उतरतानाच."

मामानं मामीकडे बघितलं. मामी शिवणाच्या मशीनवर झुकली होती आणि दोरा ओवायला तिला नको इतका वेळ लागत होता.

"चल," मामा म्हणाला.

आधी घुंडी फिरवून काटा शून्यावर आणला, आणि तो रेडिओवाल्यानं आणला. मग विमान धावलं, उठलं, गावावरून एक वळसा घेतला. त्या दिवशीची खरी हवा म्हणजे नुसतं धुकं. तिन्ही पडदे पांढरे, डावा निळसर पांढरा. धावपट्टी कुठे आहे कळत नव्हतं. मी मागच्या बाकावर, मामी दारात.

"किती?" मामानं विचारलं.

"सहाशे."

चाक धरलेले मामाचे हात घट्ट झाले. "आता?"

"चारशे. ये खाली."

"नक्की?"

"बघायचं नाही म्हटलं ना!"

मामाची मान सरळच होती. मी मागून पाहत होतो, मान जराही वळली नाही, हे मी शपथेवर सांगेन. डोळ्यांचं मात्र मला सांगता येणार नाही. ते मला मागून दिसत नव्हते.

"दोनशे," रेडिओवाला म्हणाला. मामानं विमान खाली घेतलं.