भेवाचा जाणकार

भीती या विषयावर अधिकाराने बोलावे असा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझा खोलीतला सोबती होता. शूर माणसे मी पुष्कळ पाहिली, कंटाळा येईपर्यंत त्यांच्या गोष्टीही ऐकल्या. पण आपण कशाला भितो, किती भितो आणि त्या वेळी अंगाच्या कोणत्या भागात काय चालते, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा दुसरा कोणी भेटला नाही. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे नवे होते. आम्ही दोघे बुलढाण्याला एका कचेरीत कारकून, आणि दोघांचीही बिऱ्हाडे मलकापूरला. सोमवारी सकाळच्या मोटारीने राजूरचा घाट चढायचा, एका खोलीत दोन वळकट्या पसरून आठवडा काढायचा, शनिवारी दुपारी घाट उतरून घरी यायचे. मी हे सतरा वर्षे केले. आता आठवायला बसलो की त्या सतरा वर्षांतले सोमवार एकमेकांत मिसळून जातात. मानेवरचा घाम, मांडीवरची पिशवी आणि शेजारी हे सोबती, एवढेच हाती लागते.

सोबत्यांची भीती कोणताही भेदभाव करीत नसे. साहेबांच्या घंटेपासून भिंतीवरच्या पालीपर्यंत सगळ्यांना तिच्यात जागा होती. साहेबांनी घंटा वाजवली की सोबत्यांचा आधी डावा कान लाल व्हायचा, मग उजवा. दोन्ही लाल झाले की हेडक्लार्क म्हणायचे, "जा, तुम्हालाच बोलावलंय." एकदा त्यांच्या नावाची तार आली. ती हातात धरल्याबरोबर त्यांचा आवाज गेला, तो दोन दिवस परतला नाही. मेहुण्याला मुलगा झाल्याची ती तार होती. पेढे त्यांनी मुक्यानेच वाटले. गल्लीतल्या कुत्र्याबद्दल त्यांची तक्रार वेगळीच होती. "भाऊ, माझे पाय मले न विचारता पयते. मी मागून पोचतो."

या सगळ्याला त्यांनी शास्त्राचा आधार मिळवला होता. रद्दीवाल्याकडून त्यांनी शरीरविज्ञानाचे एक फाटके पुस्तक आणले होते. त्याची मूत्रपिंडापुढची पाने नव्हती, पण त्यांना हवे ते नेमके मूत्रपिंडाशीच संपत होते. "मूत्रपिंडावर टोपीसारखी एक गाठ राह्यते," ते मला जेवताना समजावून सांगत, "भेव लागलं की तिच्यातून रस सुटते. मंग तो रस साऱ्या अंगात बोंबलत फिरते. माझी गाठ जराशी ढिली हाय." पोटात गोळा येतो हे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. "गोळा कुठचा? उलटं, पोट रिकामं होते. कपाट झाडून नेल्यासारखं." मी दमून भागून आलेलो असायचो, भाकरी मोडत मान हलवायचो. तोंडाला कोरड पडते म्हणून ते खिशात वाळलेल्या आवळ्याचे तुकडे ठेवत. आवळा चोखला की जीभ कामाला लागते आणि जीभ कामाला लागली की बाकीच्या अंगाला थोडा धीर येतो, हा त्यांचा शोध होता.

घाटात तर ते चालू वर्तमानच सांगत. खिडकी माझ्याकडे, ते आतल्या बाजूला, डोळे मिटलेले. "हात गार पडले, भाऊ. पहिलं वळण आलं का?" "आलं." "आता मानेवर काटा येऊन राह्यला." "येऊ द्या." "तुम्हाले काहीच होत नाही काय हो?" "नाही," मी म्हणायचो आणि बाहेर पाहायचो. एवढे ऐकून इतर उतारू हसायचे. मीही त्यांच्यात मिळून थोडे हसून घ्यायचो.

एका सोमवारी घाटातल्या अवघड वळणावर समोरून म्हशींचा कळप आला. आमचा ड्रायव्हर तरणा होता. या रस्त्यावर येऊन त्याला पंधरवडाही झाला नव्हता. त्याने मोटार दरीकडे घेतली आणि ब्रेक दाबला. काहीतरी मोठ्याने घासले, आणि मोटार थांबली. पुढचे डावे चाक दगडी कठड्यावर चढून बसले होते. माझ्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, सरळ खालची झाडे दिसत होती.  मग सोबत्यांचा आवाज आला, "भाऊ, माझी बाही सोडा जरा. उतरा लागते." मी पाहिले तर त्यांची बाही माझ्या दोन्ही मुठींत होती. शिवण उसवली होती.

सगळे मागच्या दाराने हळूहळू उतरले. म्हशी आणि त्यांचा मालक केव्हाच पसार झाले होते. ड्रायव्हर रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला, तो उठेचना. कंडक्टरने समजावले, दटावले. कोर्टाची तारीख असलेला एक व्यापारी त्याच्या अंगावर ओरडला, "काऊन बे, आमचा दिवस खराब करून राह्यला? काढ ना गाडी मागं!" पोराने मान वर केली नाही, तो नुसता रडत होता. मोटार चालवणारा दुसरा कोणी आमच्यात नव्हता. खालून वर येणारे वाहनही दिसत नव्हते. तासभर गेला. ऊन चढले. कंडक्टर म्हणाला, आता डेपोला कळवावे लागेल, आणि मग या पोराची नोकरी काही राहत नाही.

तेव्हा सोबती त्याच्या शेजारी जाऊन टेकले. "दादा, गुडघ्याच्या खाली काही जाणवून नाही राह्यलं ना?"

पोराने चमकून पाहिले. "नाही. पाय नाहीतच."

"येतीन. हा आवळा धरा तोंडात. आता थोड्या वेळानं दात वाजतीन. दाबू नका, वाजू द्या."

आणि खरोखरच त्याचे दात वाजू लागले. त्याला इतके नवल वाटले की तो रडायचे विसरला. "तुम्हाले कसं समजलं?"

"माझं रोजचं हाय हे. याच्यानंतर लघवीले लागते. मंग भूक."

पोरगा हसला, आणि हसता हसताच हुंदके देऊ लागला. "मी नाही चालवत आता गाडी. घरी जाऊन हमाली करतो."

"करा. हमालीतबी भेव लागते, दादा. पोतं पाठीवर आलं की कळते." त्यांनी स्वतःही एक आवळा तोंडात टाकला. "भेव जात नाही. पण एका जागी बसूनबी राह्यत नाही. येते, अंगात फिरते, आन् थकते. माणसासारखं तेबी थकते. ते थकलं की आपण उठाचं, बस."

ते खूप वेळ तसेच बसले. शेवटी पोराने पाय झटकून पाहिले आणि म्हणाला, "काढतो मागं. पण एकटा नाही बसत मी त्याच्यात. कोणी या."

आम्ही तीसेक माणसे होतो. व्यापारी कठड्याकडे पाहू लागला. मी माझी पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली. सोबती उठले, धोतराला हात पुसले आणि मोटारीत चढून ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर बसले. बाहेर उभ्या असलेल्या आम्हाला त्यांची हनुवटी थडथडताना दिसत होती. आम्ही मागच्या चाकांच्या आजूबाजूचे धोंडे बाजूला केले. इंजिन गुरगुरले, मोटार एकदा दरीकडे कलली, बायका ओरडल्या, आणि मग चाक धपकन रस्त्यावर आले. सोबती उतरले तेव्हा राखेसारखे झाले होते. त्यांना बोलता येईना. त्यांनी करंगळी वर केली आणि झुडुपामागे गेले. त्या दिवशी कोणी हसले नाही.

कचेरीत पोचायला आम्हाला दुपार झाली. साहेबांची घंटा वाजली आणि सोबत्यांचा डावा कान नेहमीप्रमाणे लाल झाला. त्या रात्री त्यांना ताप भरला. तीन दिवस मी त्यांना कण्या शिजवून घातल्या आणि बाहीची शिवणही घालून दिली. माझ्या मुठींविषयी त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. तो ड्रायव्हर पुढे कित्येक वर्षे त्याच रस्त्यावर राहिला. वर्षभराने सोबत्यांनी अर्ज करून सोनाळ्याकडे बदली घेतली, सपाट मुलखात. मी मात्र घाट चढत राहिलो. शेजारी कोणी काही बोलत नसले की तो फार लांब वाटतो.

निवृत्त झाल्यावर एकदा शेगावला गेलो होतो, तिथून सोनाळ्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको जाऊन वर्ष झाले होते. ते ओट्यावर बसले होते, वाळलेले, स्वस्थ. सुनेने चहा आणून दिला. मी थट्टेने विचारले, "काय, गाठ कशी आहे?"

"बंद पडली," ते म्हणाले. "काही होत नाही आता, भाऊ. तिले काही होईन, पोराइले काही होईन, म्हणून सारं होत होतं. पोरं लागले आपापल्या धंद्याले. ती गेली. आता कोणाचं भेव धरा?" आणि त्यांनी मनगट माझ्यापुढे केले. "पाहा."

मला नाडीतले काही कळत नाही. तरी मी बोटे ठेवली. ती संथ चालली होती, अगदी निवांत. चहा गार होईपर्यंत मी ते मनगट सोडले नाही.