न धुतलेले नमुने

मॅडम दगड चावायच्या. हे मी गमतीनं सांगत नाही. समुद्राच्या तळाखालून, विहीर खणताना वर आलेला दगडाचा भुगा त्या चिमटीत घ्यायच्या, त्यातला एक कण पुढच्या दातांत धरायच्या आणि पोह्यात खडा लागल्यासारखं तोंड करायच्या. मग निकाल. "कचकच आहे. चिखल नाही, बारीक वाळू आहे." दोन दिवसांनी प्रयोगशाळेचं उत्तर यायचं, तेही बहुधा हेच.

आमचं ऑफिस नोएडात. तिथलं सर्वांत जवळचं खारं पाणी म्हणजे कॅन्टीनचं सांबार. पण समुद्राखाली तेल कुठं असेल, विहिरीतून काय निघालं आणि त्यावरून शेजारी खणावं की नाही, हे आम्ही तिथे बसून ठरवायचो. मी नवीन होते. आडनाव ऐकून त्या पहिल्याच दिवशी टेबलाशी आल्या. "अच्छा, साताऱ्याची? मग मराठीत बोल की यार!" त्या स्वतः दिल्लीतच वाढलेल्या, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या. एखादा मराठी शब्द आठवला नाही की हवेत बोटं फिरवायच्या आणि तो मी पुरवायचे. दोघीही द्वारकेला राहायचो, त्यामुळे ही शिकवणी रोज मेट्रोभर चालायची.

तुमच्याही ऑफिसात एखादं माणूस असेल, ज्याच्या एका खोडीला सगळे हसतात आणि तरी ती पाळतात. मॅडमची खोडी म्हणजे पाकिटं. विहीर खणायला घेण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज कागदावर लिहायचा, पाकीट चिकटवायचं, जोडावर आमच्या विभागाच्या साहेबांची सही घ्यायची आणि ते मॅडमच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मी पहिल्यांदा झोकात पानभर लिहिलं. त्यांनी ते वाचून परत दिलं. "बरोबर कुठं ठरशील ते समजलं. आता चुकशील कुठं, ते लिही." मला रागच आला होता. चुकायचंच असतं तर लिहिलं कशाला असतं?

मग ती विहीर झाली. अरबी समुद्रातली. तिच्यासाठी मॅडम तीन वर्षं भांडल्या होत्या, आणि ती कोरडी निघाली. कॉरिडॉरमधले लोक त्यांना बघून आवाज खाली आणायला लागले. त्याहून वाईट म्हणजे, पश्चिमेला लागूनच असलेला, तेल साठू शकेल असा खडकाचा उंचवटाही आता सोडून द्यावा, असा प्रस्ताव पुढच्या बैठकीत येणार होता. मॅडमचं आठ वर्षांचं काम त्या उंचवट्यावर होतं आणि निवृत्तीला दोन महिने उरले होते.

कोरड्या विहिरीचे नमुने मी तपासले होते. 'तेलाची कोणतीही खूण नाही' या वाक्याखाली सही माझी होती. तो रिपोर्ट घेऊन मॅडम आल्या.

"हे तू स्वतः बघितलंस?"

"हो, मॅडम."

"धुतलेले की न धुतलेले?"

विहिरीवर नमुन्यांचे दोन वाटे होतात. एक साबणाच्या पाण्यात धुऊन, भट्टीत वाळवून, नीटनेटक्या पुड्यांत येतो. दुसरा चिखलासकट पिशवीत भरून गोदामात जातो. पुड्या स्वच्छ होत्या, हाताशी होत्या, म्हणून मी त्याच बघितल्या. धुणाऱ्यानं जरा जास्त मन लावून धुतलं, तर तेलाचा पुसटसा अंशही साबणाबरोबर निघून जातो. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मानेसरजवळच्या गोदामात गेलो. जानेवारीची थंडी आणि अंधारी खोली कुठंच नाही. मॅडमनी आपली शाल दोघींच्या डोक्यांवरून ओढून घेतली. आत त्यांचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च, बशीत चिखलातले कण आणि त्यांच्यावर सोडलेला, तेल विरघळवणाऱ्या औषधाचा एक थेंब. कणांमधून दुधाळ पिवळा उजेड हळूहळू बाहेर ओघळला. असा उजेड तेलाचाच असतो.

"इथं आलं होतं," मॅडम पुटपुटल्या. "थांबलं नाही."

"मॅडम, माझा रिपोर्ट..."

"नवीन लिही. चलो, चहा पिऊ." त्या विषयावर एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेल इथून पश्चिमेला निसटलं असावं, हे मॅडमचं म्हणणं बैठकीत साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, कुआँ खुदने के बाद तो कहानी सबको सूझती है."

मॅडमनी बिस्किटांचा डबा उघडला. स्वतःचं पाकीट काढून साहेबांना त्यांचीच सही दाखवली आणि म्हणाल्या, "आप ही खोलिए." आत खणण्याआधीचा कागद होता. त्याची शेवटची ओळ अशी : चुकले तर इथं. पश्चिमेची खडकातली भेग बंद नसेल आणि तेल तिथून शेजारच्या उंचवट्यात चढलेलं असेल.

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि विचारलं, "चान्स कितना?"

"चार में एक."

"बस?"

"बिल्कुल. इससे ज़्यादा कोई बताए, तो उसकी मत सुनिए."

शेजारचा उंचवटा वाचला. तिथली विहीर व्हायला मात्र दीड वर्ष गेलं. तोवर मॅडम निवृत्त होऊन पुण्याला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. जाताना त्या विहिरीचं पाकीट रीतसर सही घेऊन डब्यात ठेवून गेल्या, आणि डबा माझ्याकडे.

या वेळी न धुतलेल्या पिशव्या मी आधी उघडल्या. कण दातांत धरला. कचकच होती आणि रॉकेलसारखा वास होता. तेल होतं. ऑफिसात पेढे आले आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मॅडमचं पाकीट फोडून वाचायला घेतलं. अंदाज जवळजवळ तंतोतंत होते. खाली लिहिलं होतं : चुकले तर निर्णय माझा होता, तो माझ्याच नावावर मांडावा. पहिल्या विहिरीतली तेलाची खूण, डबा जिच्याकडे आहे, त्या मुलीनं शोधली. पुढचं काम तिच्याकडे द्या.

सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले. माझे कान तापले. मी उठून उभी राहिले आणि सांगून टाकलं की खूण मी शोधली नव्हती. खूण नाही असं मी सहीनिशी लिहिलं होतं, कारण मी फक्त धुतलेले नमुने बघितले होते. टाळ्या थांबल्या. साहेब चष्म्यावरून बघत राहिले आणि मग म्हणाले, "बैठो. पेढा खाओ."

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. तेल लागल्याचं ऐकून मॅडम नुसतं "अच्छा" म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न. "माझं चुकलं कुठं?"

"एकाच ठिकाणी. कागदातलं माझ्याबद्दलचं वाक्य. ते मी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं."

त्यांचा आवाज जरा ओला झाला, पण हुकूम नेहमीचाच.

"चलो. आता पुढच्या विहिरीचं तुझं पाकीट लिही."