लोआंगोची गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. तुळजापूरला देवीसमोर हात जोडून उभी राहिले तेव्हा तिलाही नाही. तिथं नेहमीसारखं सगळ्यांचं आरोग्य मागितलं आणि रांगेबरोबर पुढं सरकले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे ही पण पळवाटच — नाही का?

मी व्यवस्थित बाई आहे. धाराशिवला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. घरी फ्रीजवर एक यादी असते, पर्समध्ये दुसरी. नात्यातलं कुणी काशीला निघो की गिरनारला, पहिला फोन मला येतो. गोळ्या कोणत्या न्यायच्या, रेल्वेला येडशीला चढायचं की धाराशिवला, म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ कसा मिळेल — "मंगलला विचारा." मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू? फार आवडतं.

हा गुण अण्णांचा, माझ्या वडलांचा. ते कळंबच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरच्या जोड्या लावायच्या, भांडणं सोडवायची. सगळ्या तालुक्याला त्यांनी गाडीत बसवलं. स्वतः मात्र कुठं गेले नाहीत. त्या गोंगाटात कान गेले. उजवा पार गेला, डाव्यात थोडंसं उरलं. आई गेल्यावर मी त्यांना धाराशिवला घेऊन आले, आणि तेव्हापासून मीच त्यांचे कान झाले. ओरडावं लागत नाही. डाव्या कानाशी वाकून, खालच्या आवाजात, सावकाश बोललं की त्यांना कळतं. पाहुणे आले, बँकेत गेलो, दवाखान्यात गेलो — समोरचा बोलतो, अण्णा माझ्याकडं डावा कान करतात, "काय म्हणतोय?" आणि मी वाकून सांगते. आमच्या घरात याचं कुणाला काही वाटत नाही.

लोआंगो त्यांना टीव्हीवर सापडलं. आवाज बंद करून ते प्राण्यांचे कार्यक्रम बघायचे — आवाजाचा उपयोग काय? आई गेल्यानंतरचे ते दिवस. जेवायला बस म्हटलं की बसायचे, ऊठ म्हटलं की उठायचे. आणि एका दुपारी मोठ्यानं हाक आली, "मंगल! पाणघोडा समुद्रात!" धावत गेले. आफ्रिकेच्या पश्चिमेचा कुठलासा किनारा. लाटांच्या फेसातून पाणघोड्याचं डोकं वर येत होतं, आणि मागं वाळूवरून हत्ती चालले होते. कुणी हाकलत नव्हतं, कुणी फोटो काढायला गर्दी करत नव्हतं. माणूसच नव्हता. अण्णा उभे राहून बघत होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा दिसत होता!

त्यांचं आजोळ तेर. तिथल्या वस्तुसंग्रहालयात जुन्या काळची हस्तिदंताची बाहुली आहे. ती दाखवून ते आम्हा भावंडांना सांगायचे, इथून बैलगाड्यांनी माल निघायचा आन् समुद्रापार जायचा. आता त्यांनी त्याला शेपूट जोडलं : "माल गेला गं, आपण राहिलो."

मग मी यादी केली. मी दुसरं काय करणार? देश गॅबोन, उद्यान लोआंगो. अदिस अबाबाला विमान बदलायचं, पुढं लहान विमान, शेवटी खाजणातून बोट. पासपोर्ट, व्हिसा, मलेरियाच्या गोळ्या, पिवळ्या तापाची लस. अण्णांनी आपली तयारी वेगळी सुरू केली. दर रविवारी येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जायचे — "सराव." दुर्बीण गळ्यात, हनुवटीखाली दोरी बांधायची खाकी टोपी डोक्यावर. हत्तीसमोर न हलता उभं राहायचं असतं असं कुठंतरी वाचलेलं, म्हणून ते रामलिंगच्या माकडांसमोर न हलता उभे राहायचे. एका माकडानं पिशवीतले शेंगदाणे काढून नेले तरी हलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "पास झालो."

आणि संध्याकाळी, भाजी निवडत बसले की, हाताचा भोंगा करून पुकारायचे : "कळंब, येडशी, बार्शीमार्गे लोआंगोला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." माझे हात पिठात असायचे. हसून हसून पोळी वाकडी व्हायची.

मग माझं काय बिघडलं?

मी स्वतःला बरीच कारणं सांगून पाहिली आहेत. त्यांचं वय. लांबचा प्रवास. जेवणाचे हाल. ही कारणं चांगली आहेत, चारचौघांत सांगता येतात. पण खरं कारण ते नाही. तिकडच्या कॅम्पला मी प्रश्न पाठवायचे आणि उत्तरं यायची — बोट कधी निघेल? भरती-ओहोटीवर आहे. हत्ती नक्की दिसतील? सांगता येत नाही. फोन लागतो? नाही. दवाखाना किती लांब? दूर आहे. माझ्या यादीतल्या रकान्यांत काही भरताच येईना. अण्णांना वाचून दाखवलं तर खुशीत म्हणाले, "लई भारी. आपल्या एसटीसारखंच चालतंय की."

आणि मग विलासचा फोन आला. विलास माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "अक्का, न्यायचं तर ने. पण तुझ्या जबाबदारीवर हं. तिकडं काही झालं तर लोक तुलाच विचारतील."

त्या वाक्यानं मला पोखरलं. अण्णांना तिकडं काही होईल याची भीती मला वाटायला हवी होती, नाही का? मुलीला तीच वाटायला हवी. पण माझ्या डोळ्यांसमोर यायचं ते वेगळंच. अण्णा गेलेले आहेत, दारात माणसं बसली आहेत, आणि कुणीतरी म्हणतंय — एवढी शहाणी बाई, हिला कुणी सांगितलं होतं? मला त्यांच्या मरणाची भीती नव्हती. माझं नाव खराब होईल याची होती. हे लिहायला नको वाटतं. पण असंच होतं.

लसीसाठी आम्ही पुण्याला गेलो. अण्णा टोपी घालूनच दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी रिपोर्ट पाहिले, छाती तपासली, पुष्कळ प्रश्न विचारले. मी अण्णांच्या कानात एकेक प्रश्न सांगत होते, ते उत्तर देत होते. सगळं नेहमीसारखं. मग बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "साठीनंतर ही लस आम्ही जरा जपून देतो. पण यांची तब्येत उत्तम आहे. माझ्या मते हरकत नाही. जाऊ शकतात. आज देऊ?"

मी म्हणाले, "घरी विचारून कळवते."

"चालेल की. आणि आजोबा," बाई अण्णांकडं बघून मोठ्यानं हसल्या, "हत्तींना माझा नमस्कार सांगा!"

त्या हात धुवायला बेसिनकडं गेल्या. अण्णांनी माझ्याकडं डावा कान केला. "काय म्हणाल्या?"

मी वाकले. नळाचं पाणी वाहत होतं. मी त्यांच्या कानात खालच्या आवाजात, सावकाश सांगितलं, "या वयात ही लस धोक्याची आहे म्हणाल्या. जाऊ नका म्हणाल्या."

मी ठरवून गेले होते का? नाही. पण तोंडातून निसटलं असंही म्हणणार नाही. शब्द अगदी नीट आले, एकामागं एक.

अण्णांनी बाईंच्या पाठीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग टोपीची दोरी सोडली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात फिरवत बसले — एखादं लहान पोर झोपलेलं असावं तसे. बाई वळल्या तेव्हा त्यांना हात जोडून म्हणाले, "बरं बाई. लई आभारी आहे." बाई म्हणाल्या, "मजा करा!" अण्णा यावेळी काही विचारायला माझ्याकडं वळले नाहीत.

बाहेर आल्यावर मी विलासला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं, सुटलीस." आणि मी सुटले होते, खरंच! मला भूक लागली. मी अण्णांना उसाचा रस पाजला. त्यांनी अर्धा पेला माझ्यासमोर सरकवला. "तू पी. दमलीस तू लई, माझ्यापायी." तेव्हा तरी सांगायचं होतं. दवाखाना मागंच होता, रस्ता ओलांडला की झालं. मी रस प्याले.

त्यानंतर त्यांनी एकदाही लोआंगोचं नाव काढलं नाही. रविवारी येडशीला जाणंही हळूहळू थांबलं. टोपी दारामागच्या खुंटीला गेली. उन्हात दूध आणायला जाताना घालतात. आता गुडघे इतके गेलेत, की दाराबाहेरच्या दोन पायऱ्यांना कठडा धरावा लागतो. आता कुठल्याही डॉक्टरला विचारलं, तर तो खरोखरच नाही म्हणेल. माझं खोटं असं हळूहळू खरं होत गेलं. ते होईपर्यंत मी नुसती बघत राहिले.

इथंच संपलं असतं तर कदाचित हे लिहिलंही नसतं.

गेल्या उन्हाळ्यात कळंबहून रज्जाकचाचा अण्णांना भेटायला आले. अण्णांच्या हाताखालचे जुने ड्रायव्हर. पण त्यांच्याबद्दल सांगण्याआधी स्टँडवरची एक रीत सांगायला हवी. ड्रायव्हर कामावर आला नाही आणि गाडी रद्द करावी लागली, तर अण्णा भोंग्यावर त्याचं नाव कधी घेत नसत. "तांत्रिक कारणामुळे रद्द" म्हणून पुकारायचे. गाडी ठणठणीत उभी असायची. लहानपणी मी विचारलं होतं, खरं का सांगत नाही? तर म्हणाले होते, "खरं सांगितलं तर लोकं त्याच्या अंगावर जातेत. त्याला उद्या परत ह्याच स्टँडवर यायचं असतंय, बाळा."

तर चाचा आले. मी चहा घेऊन गेले. चाचा रंगात होते. मी सवयीनं अण्णांच्या कानाशी वाकायला लागले, तशी चाचा म्हणाले, "ताई, तुमी कशाला कष्ट घेता? साहेबांना कान कशाला पाहिजे? ओठ वाचतेत ओठ! स्टँडात सगळ्या गाड्या चालू, कुनाचं काय ऐकू येत न्हाय, आन् म्या केबिनमंदी बसून ह्यांना शिवी दिली, तर खिडकीतून बोट दाखवायचे — रज्जाक, कळली बरं का!"

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी चाचांना दिला की खाली ठेवला, आठवत नाही. अण्णा ओठ वाचतात? मग इतकी वर्षं माझ्याकडं कान का करायचे? चाचाच पुढं बोलले, "मग लेकीकडं कान का करता, म्या इचारलं व्हतं एकदा, तर म्हनले, लेक जवळ येऊन बोलती रे. तेवढंच."

म्हणजे त्या दिवशी पुण्यात — बाई समोर बसल्या होत्या. स्वच्छ उजेड होता. सावकाश बोलत होत्या.

मी अण्णांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. रागानं नाही. रागानं बघितलं असतं, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

चाचांचं लक्ष खुंटीवरच्या टोपीकडं गेलं. "आन् साहेब, तुमचं ते आफ्रिकेचं काय झालं? हत्ती बघायला जायचं व्हतं न्हवं? गेलाच न्हाय व्हय?"

अण्णांनी माझ्याकडं कान केला नाही. चाचांच्या तोंडाकडं बघितलं, आणि दोन्ही हातांचा भोंगा करून, त्याच जुन्या खणखणीत आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. कळंब, येडशी, बार्शीमार्गे लोआंगोला जाणारी गाडी तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात आलेली आहे."

चाचा हसता हसता खोकायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "कोन आला न्हाय, साहेब? कुनाची ड्यूटी व्हती?"

"नाव सांगत नसतेत, रज्जाक," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी चहाचा घोट घेतला, आणि डावा कान माझ्याकडं केला. "साखर टाकलीस का गं?"

मी वाकले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. इतक्या जवळ, की त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. चाचा उठून टोपी बघायला गेले होते. ऐकणारं कुणी नव्हतं.

"टाकली," मी म्हणाले. तेवढंच म्हणाले.