पलंगावरची गार्डीणबाई

“पलंग मतलब पलंग,” रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टेबलावर पेन्सिल आपटली. “चलना-फिरना बिलकुल बंद.” पुन्हा पेन्सिल. “छह हफ्ते.” पुन्हा पेन्सिल. “समझीं, बाईजी?”

वसुंधराबाईंना समजलं होतं. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं होतं, ते सुईने काढलं होतं. आता रोज एक इंजेक्शन आणि बाकी सगळा वेळ आडवं पडणं. सहा आठवड्यांनी पुन्हा छातीचा फोटो. तो बरा निघाला तर ठीक, नाही तर डोंगरावरच्या सॅनेटोरियमला रवानगी. तिकडे किती दिवस, असं दिवाकररावांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी पेन्सिल आपटली नाही, नुसती खाली ठेवली.

“सालभर तो समझिए.”

दिवाकरराव मालगाडीचे गार्ड. महिन्यातले निम्मे दिवस लाइनवर, आज बीना तर उद्या कानपूर. तेरा वर्षांच्या बकुळला क्वार्टरमध्ये एकटीला ठेवणं शक्यच नव्हतं. तिला चाळीसगावला मामाकडे पाठवायचं, क्वार्टरला कुलूप घालायचं आणि गार्डसाहेबांनी रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रामगृहात, खानसाम्याच्या हातचं खायचं, असं दवाखान्यातून परतताना टांग्यातच ठरून गेलं. घर मोडायचं नसेल तर पलंग सोडायचा नाही, एवढंच काम होतं. पण इतकं अवघड काम वसुंधराबाईंना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या चाळीसगावहून निघाल्या त्या रेल्वेच्या क्वार्टरांमधूनच फिरत राहिल्या. इटारसी, बीना, मग झाशी. दर बदलीला आधीच्या माणसांची जळमटं काढायची, सोड्याने फरशी घासायची, चुन्याचा हात मारायचा आणि सगळं मनासारखं लागलं की पुढच्या बदलीचा कागद यायचा. झाशीला सात वर्षं झाली होती. इथे एक गोष्ट मात्र बारमाही होती, ती म्हणजे इंजिनांच्या शेडकडून येणारी काजळी. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटाने नाव काढावं. वसुंधराबाई दिवसातून तीनदा पुसायच्या. शेजारच्या मिश्राइनबाई म्हणायच्या, “मराठिन के घर में तो धूल भी पूछकर बैठती है.” हे त्या कौतुकाने म्हणत की चिडून, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. वसुंधराबाई कौतुक धरून चालायच्या.

आता त्याच वसुंधराबाई मधल्या खोलीत पलंगावर पडून छताचे वासे मोजत होत्या. अंगात जीव नव्हता. कूस बदलली तरी दम लागायचा, वेणी घालायला हात वर केला तर तो वरच राहील की काय असं वाटायचं. कान मात्र ठणठणीत होते, आणि खरं दुखणं तिथेच होतं. झाडू कोपऱ्यात शिरला की त्याचा आवाज बदलतो. कामवाल्या चंपाचा झाडू खोलीभर एकाच सुरात फिरायचा. म्हणजे कोपऱ्यात गेलाच नाही. मोरीवर ताट एकदाच खळखळलं, म्हणजे एकाच पाण्यातून काढलं.

“चंपा!” त्या पडल्या पडल्या आपल्या हिंदीत हाक मारायच्या. “वो परात का पीठ निकला क्या बराबर? काठ को हाथ लगाके देखो.”

“हओ बाईसाब, सबरे बासन माँज दए,” मोरीवरून चंपाचं ठसक्यात उत्तर. “हम का झूठ बोल रए?”

“झूठ नहीं रे बाई. खाली एक बार और पाणी डालो.”

“काए, बासन खों नहलाने है का?”

चंपा रोज प्रेमनगरहून यायची, तीन घरची कामं उरकायची आणि अकराच्या ठोक्याला निघून जायची. उरलेलं घर बकुळकडे होतं. बकुळची आवरण्याची एक स्वतःची रीत होती. जे दिसतंय ते उचलायचं आणि आईच्या पलंगाखाली सारायचं. वरून चादर लोंबत असल्याने कुणाला काही दिसत नाही.

“आई, मी सगळं साफ केली. बघ, एकदम चकाचक.”

“आणि काल धुतलेले कपडे?”

“आहेत ना. मला देर होते आता, स्कूलची घंटी होईल.”

कपडे कुठे आहेत ते वसुंधराबाईंना पाठीखालून कळत होतं. आपण अडगळीच्या पेटाऱ्यावर झाकण म्हणून पडलोय, असं त्यांना वाटायचं.

दहा दिवस त्यांनी काढले. अकराव्या दिवशी चंपा गेली, बकुळ शाळेत, दिवाकरराव लाइनवर. समोरच्या कोनाड्यात काजळीचा थर बसला होता आणि त्यात पालीच्या पायांची रांग उमटली होती. अर्धा तास त्यांनी ती रांग पाहिली. पुढे त्यांच्या डोक्यात जे आलं, ते गार्डाच्या बायकोच्याच डोक्यात यावं. घरात रोज नियमांच्या पुस्तकाचा घोष. जे लिहिलंय ते अक्षरशः पाळायचं, आणि जे लिहिलेलं नाही त्याला मनाई नाही. डॉक्टरांनी चालण्या-फिरण्याला मनाई केली होती. सरकण्याला केली नव्हती.

त्या पलंगावरून हळूच खाली पाटावर उतरल्या. दोन्ही हात फरशीला टेकायचे, पाट एक वीत पुढे ढकलायचा, श्वास घ्यायचा. पुन्हा एक वीत. कोनाड्याशी पोचायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात एक मालगाडी अख्खी यार्डात शिरली. कोनाडा पुसला. मग खालची फळी दिसली. फळीवरून डबे दिसले. परत पलंगावर चढताना त्या दोनदा थांबल्या, घामाने पोलकं ओलं झालं होतं. पण उशीवर डोकं टेकलं तेव्हा समोर कोनाडा लख्ख होता, आणि किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पुढे तसे दिवस होत गेले. रोज नाही. दिवाकरराव घरी असले की त्या निमूट पडून राहायच्या. ते लाइनवर गेले की अकरा ते एक, बकुळ शाळेतून येईपर्यंत, पाट चालायचा.

संध्याकाळी पाचला बकुळ थर्मामीटर लावायची. आकडा ती एका वहीत लिहायची, ती वही दिवाकररावांनी आखून दिली होती. गार्ड गाडीचा रोजनामा लिहितो तशीच ती वही होती. तारीख, वेळ मिनिटासकट, ताप, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बकुळ शेऱ्यात लिहायची, “आईने दूध अर्धं सोडलं.” “आईने चंपाला डांटलं.”

तिसऱ्या आठवड्यात दिवाकरराव कानपूरहून आले. अंगाला कोळशाचा वास, डोळे लाल. हातपाय धुऊन ते वही घेऊन पलंगाशी खुर्ची ओढून बसले. एकदा पान पुढे, एकदा मागे.

“वसू.”

“काय?”

“सोमवारी मी घरी होतो. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. मंगळवारी मी बीनाला. नव्व्याण्णव पॉइंट आठ. गुरुवारी घरी, पुन्हा खाली. काल-परवा कानपूर, शंभर.”

“ताप काय माझ्या हातात आहे होय?”

“गाडी लेट झाली की आम्ही काय करतो ठाऊक आहे? ड्रायव्हरला विचारत नाही, तो सांगतच नाही. कुठल्या सेक्शनात वेळ गेला ते बघतो.” त्यांनी वही मिटली. “सकाळी चंपा असते. एकनंतर बकुळ. मधला सेक्शन रिकामा. अकरा ते एक काय करतेस?”

वसुंधराबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, “मी चालले नाही. देवाशपथ. एक पाऊल चालले नाही.”

“मग?”

“पाटावर बसून गेले.”

“पाटावर?”

“डॉक्टर चालू नका म्हणाले होते.”

दिवाकररावांचा चेहरा एकदम ओढल्यासारखा झाला. त्यांना हसू येत होतं की रडू, ते सांगणं कठीण होतं. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं.

“तुम्हाला काय जातंय हसायला,” वसुंधराबाई बोलू लागल्या आणि बोलता बोलता धापा टाकायला लागल्या. “इथे दिवसभर पडायचं आणि डोळ्यांदेखत घराचा उकिरडा होताना बघायचा. लोक समाचाराला येतात, बसतात, इकडेतिकडे बघतात आणि जातात. मला म्हणतात काळजी घे. बाहेर जाऊन काय म्हणतात, ते मला इथून ऐकू येतं.”

“म्हणू देत.”

“तुमचं बरं आहे. डब्यात बसलात, हिरवं निशाण दाखवलंत, निघालात.”

“वसू, तू डोंगरावर गेलीस की इथे कुलूप. त्या कुलपाच्या आत किती काजळी बसते ते बघायला कोण येणार आहे?”

दिवाकरराव उठले, घरातले तिन्ही पाट गोळा केले आणि मिश्राइनबाईंकडे ठेवून आले. त्या दिवसापासून जेवायला सतरंजी.

पुढचे दिवस लांबत गेले. आधी निदान दुपारच्या चोरीची वाट तरी पाहता यायची. आता सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळी एकाच रंगाची. थकवा असा की कशाचा राग धरावा तर तो धरून ठेवायलाही ताकद लागायची. मोरीवरचा आवाज ऐकवेना, तेव्हा त्यांनी बकुळकडून कापूस मागून घेतला आणि चंपा आली की कानात घालू लागल्या. चंपाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. “काए बाईसाब, आज कछू बोल नईं रईं? जी तो ठीक है?” असं ती दारात येऊन विचारायची. वसुंधराबाई नुसता हात हलवायच्या.

वहीतला आकडा उतरायला लागला. नव्व्याण्णव, मग त्याच्याही खाली.

पाचव्या आठवड्यात राधाबाई आल्या. खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, सात पिढ्या झाशीच्या. रेल्वेतले मराठी लोक त्यांच्या लेखी काल आलेले पाहुणे. घर बघायला येतात आणि तब्येत विचारून जातात, अशी त्यांची ख्याती. आल्या त्या नेमक्या अकराच्या पुढे, हातात मुगाच्या कढणाची पितळी बरणी.

“अगो बाई, ही ओसरी की कोळशाची वखार?” बाहेरूनच सुरुवात झाली. रेल्वेच्या व्हरांड्याला त्या ओसरी म्हणायच्या आणि चार हाताच्या स्वयंपाकघराला मुदपाकखाना. “काय गं, दुखणाईत झालीस म्हणे? पडून राहा, पडून राहा, उठू नकोस.” आणि पदराने खुर्ची झाडून, तो पदर उजेडात धरून पाहून, मग त्या बसल्या. “आमच्या सासूबाई बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा फळीवरून बोट फिरवून बघायच्या हो. आता कोण करतंय म्हणा. घर बाकी ठीक ठेवलंयस. म्हणजे, आजारपणाच्या मानाने.”

बसता बसता बरणीचं झाकण निसटून पलंगाखाली गेलं. राधाबाई वाकल्या, चादर वर केली आणि तशाच राहिल्या. मग एकेक वस्तू उजेडात आली. बकुळचा एक बूट. करपलेली कढई. चुरगळलेला धुतलेल्या कपड्यांचा ढीग. परवाचं वर्तमानपत्र, त्यात शेंगांची टरफलं. प्रत्येक वस्तूला राधाबाईंचं एक “बरं” होतं, आणि प्रत्येक “बरं” आधीच्यापेक्षा लांब.

वसुंधराबाईंचा चेहरा तापला. हे सगळं खंडेराव गेटात संध्याकाळपर्यंत पोचणार होतं, तिथून पार दतियापर्यंत. त्यांनी पांघरूण बाजूला केलं. एक पाय पलंगावरून खाली सोडला. गार फरशी तळव्याला लागली. उठायचं, कढई उचलायची, कपडे कपाटात टाकायचे, चार मिनिटांचं काम होतं. छातीच्या डाव्या बाजूला एक बारीक कळ आली आणि गेली.

त्यांनी पाय वर घेतला. वर घेतानाच सगळं अंग इतकं जड वाटलं की पांघरूण ओढायचंही राहून गेलं.

“राधाबाई,” त्या म्हणाल्या, “राहू द्या ते तिथेच. मला बोलवत नाही हो. मी झोपते.”

“झोपतेस? मी बसलेय ना!”

“हो.” आणि त्यांनी डोळे मिटले. समाचाराला आलेलं माणूस समोर बसलेलं, कढई खोलीच्या मध्यावर, आणि वसुंधराबाई खरोखर झोपून गेल्या. त्या इतक्या गाढ झोपल्या की राधाबाई केव्हा गेल्या ते त्यांना कळलंच नाही.

त्यांना ते कळलं दुसऱ्या दिवशी, चंपाकडून. विसरलेला पैशांचा बटवा न्यायला ती परत आली होती, तेव्हा तिने सगळं पाहिलं होतं. चंपाने पदर डोक्यावरून घट्ट ओढला, नाक वर केलं आणि राधाबाई होऊन दाखवलं. “बड़ी देर लौं ठाड़ी रईं. ऐसें मुँह बनाएँ. फिर तुमें चद्दर ओढ़ा दई, हमसे कई, ‘सोने दो इन्हें,’ और कढ़ाई खों देखत-देखत चली गईं.”

“कुछ बोली?”

“बोलीं काए नईं! गली के मोड़ लौं बोलत गईं.”

वसुंधराबाई हसल्या. हसताना दुखत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, पण हसून झाल्यावर पुन्हा झोपच आली.

सहा आठवडे पुरे झाल्यावर टांग्यातून दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. दिवाकरराव टोपी हातात धरून उभे होते, त्यांच्या बोटांनी टोपीची कड चुरगळली होती.

“पानी नहीं है,” डॉक्टर म्हणाले. पेन्सिल आपटली. “मगर आराम एक महीना और.” पुन्हा पेन्सिल. “घर पे.”

घरी पोचल्यावर बकुळ दारातच उभी होती. “आई, मी आज कोपऱ्यात पण झाडू लावली, तू बघ ना!” वसुंधराबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच आधाराने मधल्या खोलीपर्यंत आल्या आणि पलंगावर टेकल्या.

“उद्या बघते हं,” त्या म्हणाल्या. “आधी जरा पडू दे.”